घर फिरते तेव्हा

‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. माणसाचे दैव फिरले म्हणजे जवळची माणसेही पाठ फिरवतात, असा तिचा रूढ अर्थ. परंतु इतक्या वर्षांच्या धर्मग्रामसेवेत जी माणसे आम्ही रेल्वेच्या फलाटावर, बाजाराच्या ओट्यावर आणि चर्चच्या कुंपणाला टेकून झोपलेली पाहिली, त्यांच्याकडे बघताना ही म्हण आम्हांला उलट्या क्रमाने आठवते. यांच्यापैकी अनेकांचे वासे आधी फिरले होते, घर मागाहून फिरले. डोक्यावरचे छप्पर जाण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या मनातले छप्पर कोसळलेले होते. बाहेरच्या जगाला फक्त शेवटचा पडाव दिसला.

रविवारच्या मिस्सेनंतर पायऱ्यांवर उभे राहिले की या माणसांविषयीची मते कानावर येतात. कुणी म्हणतो, गरिबी. कुणी म्हणतो, दारू. कुणी डोक्याशी बोट फिरवून गप्प बसतो. तीनही उत्तरांत काही ना काही तथ्य आहे. परंतु ज्यांच्या घरी पावसाळ्यात चूल पेटत नाही अशी कितीतरी गरीब कुटुंबे एकमेकांना धरून एका खोलीत राहतात, रस्त्यावर येत नाहीत. दारू पिणारे तर बंगल्यांतही राहतात. मग हा एक माणूस नेमका उंबरठ्याबाहेर का पडला? या प्रश्नाच्या मागे जाऊ लागलो की पुष्कळदा एक घाव सापडतो. तो अंगावर दिसत नाही, म्हणून त्याची विचारपूस होत नाही.

मनाच्या या घावाला जाणकार ‘आघात’ म्हणतात. दुःख आणि आघात या दोन गोष्टी एक नव्हेत. दुःख माणसाला रडवते आणि काळाच्या ओघात हळूहळू ओसरते. आघातात मात्र काळच थांबतो. आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. वादळात होडी उलटते, तांडेल एकटा पोहत किनाऱ्याला लागतो, त्याच्या बरोबरचे परत येत नाहीत. सहा महिने होतात, वर्ष होते. समुद्र शांत असतो, पण तो माणूस रात्री ओरडत उठतो. दार आपटले तरी त्याचे काळीज लाटेखाली जाते. त्याला बुद्धीने कळत असते की आपण घरात आहोत, परंतु त्याच्या शरीराला ते पटत नाही. धोक्याची घंटा एकदा वाजली ती बंदच होत नाही. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांची हीच अवस्था झाली होती. त्यांच्या आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवाची दखल घेत अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली ‘आघातोत्तर ताणविकृती’ हे नाव आपल्या रोगसूचीत अधिकृतपणे दाखल केले. घाव माणसाइतकाच जुना होता, नाव तेवढे नवे.

आता अशा माणसाचे पुढे काय होते ते पाहावे. त्याला झोप येत नाही, म्हणून सकाळी कामावर जाता येत नाही. कुणी वरच्या आवाजात बोलले की तो एक तर भांडतो, नाही तर पळतो. त्यामुळे मालक त्याला ठेवत नाही. झोप यावी म्हणून तो पिऊ लागतो. दारू हे त्याचे औषध असते आणि तेच पुढे दुसरा रोग होते. बायको कंटाळते, भाऊ टाळतात. ज्याच्या गाठीला पैसा आहे, ज्याला दार उघडणारी बहीण आहे, तो या उतारावर कुठे तरी अडतो आणि सावरतो. ज्याच्याजवळ पुढच्या महिन्याचे भाडे नाही आणि ज्याच्यासाठी उघडणारे दारही नाही, तो थेट रस्त्यावर येऊन थांबतो. एकटी गरिबी किंवा एकटा आघात क्वचितच माणसाला बेघर करतो. दोन्ही एकाच घरी जमले आणि नात्यांचा टेकू निसटला, की घर जाते.

यातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे तो बालपणाचा. डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट आन्डा यांनी अमेरिकेत हजारो प्रौढांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारले. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातली व्यसने, घरातील कुणाचा तुरुंगवास, अशा अनुभवांची ती यादी होती. १९९८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या वाट्याला यांतले चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांना व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या तुलनेत चार ते बारा पटींनी अधिक होता. पुढे २०२१ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात बेघर प्रौढांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. हे अभ्यास प्रामुख्याने श्रीमंत देशांतले होते. त्यांत दहांपैकी जवळजवळ नऊ बेघरांनी बालपणी असा किमान एक अनुभव घेतलेला आढळला आणि निम्म्याहून अधिक जणांनी चार किंवा त्याहून जास्त. याचा अर्थ मार खाल्लेले प्रत्येक मूल रस्त्यावर जाते असा मुळीच नाही. बहुसंख्य मुले कुणाच्या तरी मायेच्या आधाराने तरून जातात. परंतु रस्त्यावर निजलेल्या माणसाची वाट मागे मागे नेली तर ती पुष्कळदा एखाद्या घरातच जाऊन पोहोचते, हे मात्र खरे. मुंबईच्या मोठ्या स्थानकांवर उतरणारी पळून आलेली मुले पाहा. त्यांतली सगळी भुकेपोटी येत नाहीत. काहींना बाहेरच्या अंधारापेक्षा घरातल्या दिव्याची भीती जास्त वाटलेली असते.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. प्रत्येक मनोविकार आघातातूनच जन्मतो असे नव्हे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांना अनुवंश आणि मेंदूतले बदल अशी इतरही कारणे असतात, आणि अशा रुग्णाच्या आईबापांना दोष देणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. परंतु आजार कोणत्याही वाटेने आलेला असो, रस्त्यावर आल्यावर त्या माणसावर आघातांचा वर्षाव सुरू होतो. गाठोडे चोरीला जाते. त्यातच आधारकार्ड असते आणि आईचा एकुलता एक फोटोही. रात्री कुणी दगड मारतो, कुणी दंडुका मारतो. बाईमाणसाचे काय होते ते लिहिण्याची गरज नाही. बेघरांपैकी निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी मेंदूला इजा करणारा मार बसलेला असतो, असेही एका मोठ्या आढाव्यात आढळले आहे. म्हणजे घावाने घर जाते, आणि घर गेल्याने नवे घाव होतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली, त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. ती नोंद एका रात्रीच्या शिरगणतीची होती. पुलाखाली लपून निजणारे त्या रात्री किती जणांना सापडले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चसमोरच्या बाजारओट्यावर एक बाई राहू लागली. तिची ओळख पटेल असे काही आम्ही येथे लिहीत नाही. ती बसूनच झोपायची, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याच्या दिव्याकडे. जूनचा पाऊस सुरू झाला तेव्हा व्हिन्सेंट डी पॉल मंडळींनी सभागृहामागची खोली तिच्यासाठी झाडून दिली. खाट होती, पंखा होता, पेजेची सोय होती. संध्याकाळी ती आली, खाटेच्या कडेला बसली. पावसाची झड आत येऊ लागली म्हणून एका भगिनीने बाहेर पडताना मायेने दार ओढून घेतले आणि सवयीप्रमाणे बाहेरून कडी घातली. त्यानंतर आतून जो आवाज आला तो ऐकणारे आजही विसरलेले नाहीत. दार उघडताच ती भर पावसात धावत सुटली आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी लोकांचा निकाल तयार होता. “फादर, हिला रस्त्याचीच गोडी. अशांना घर दिले तरी राहवत नाही.” आमच्या शेजारच्या कॉन्व्हेंटमधील एक सिस्टर परिचारिका आहेत. त्यांनी निकाल दिला नाही. त्या रोज सायंकाळी ओट्यावर तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून बसू लागल्या. प्रश्न विचारायचे नाहीत, हात धरायचा नाही, नुसते बसायचे. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात ती बाई आपणहून बोलली. लग्नानंतर तिला घरात कोंडून ठेवीत. बाहेरून कडी वाजली की पुढे काय होणार हे तिला ठाऊक असे. “सिस्टर, पावसात माणूस मरत नाही,” असे ती म्हणाली.

सिस्टरांनी आम्हांला एवढेच सांगितले की सुतार हवा आहे. सुताराने त्या खोलीची बाहेरची कडी काढून टाकली आणि आतल्या बाजूने अडसर बसवला. बाई आली. पहिल्या रात्री दार सताड उघडे ठेवून उंबऱ्यात बसली. पुढे काही दिवसांनी दार अर्धे लागले. मग एके रात्री तिने स्वतःच्या हाताने अडसर सरकवला आणि, सिस्टर सांगतात त्याप्रमाणे, सकाळी नऊ वाजेपर्यंत झोपली. त्या खोलीत ती फार काळ राहिली नाही. पुढे स्त्रियांच्या एका संस्थेत तिची सोय झाली. चमत्कार वगैरे काही घडला नाही. परंतु घर म्हणजे काय, याची एक व्याख्या आमच्या हाती लागली. ज्या दाराची कडी आपल्या हातात असते ते घर. जिथे ती दुसऱ्याच्या हातात असते, तिथे छप्पर असले तरी तो कोंडवाडा.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जूडिथ हर्मन यांचे आघातावरील पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झाले. घावातून सावरण्याच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या आहेत. पहिली पायरी सुरक्षितता, दुसरी जे घडले त्याची आठवण काढून त्याचा शोक करणे, आणि तिसरी माणसांत परत येणे. पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी चढता येत नाही. जो माणूस आज रात्री कुठे झोपायचे या विवंचनेत आहे, त्याला ‘दारू सोड, औषध घे, वेळेवर वाग, मग खोलीचे बघू’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला ‘आधी डोंगर चढून ये, मग प्लास्टर घालू’ असे सांगण्यासारखे आहे. आपल्या दानधर्माची रीत मात्र पुष्कळदा हीच असते. आधी लायक हो, मग आसरा.

ही रीत उलटी करून पाहण्याचे धाडस १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने केले. वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिलेल्या मनोरुग्णांना त्यांनी आधी स्वतंत्र घराची किल्ली दिली, अटी घातल्या नाहीत. उपचार करणारी माणसे मागाहून त्यांच्या दारी जाऊ लागली. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत सुमारे दोन हजार बेघर मनोरुग्णांवर हीच पद्धत काटेकोरपणे तपासली. अखेरच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक सर्व काळ घरात टिकून होते. नेहमीच्या मार्गाने मदत मिळालेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. ज्यांच्याविषयी ‘घर दिले तरी राहणार नाहीत’ असे छातीठोकपणे सांगितले जाई, तीच ही माणसे होती. अर्थात सर्वच टिकले नाहीत. किल्ली म्हणजे औषध नव्हे. परंतु औषध लागू पडण्यासाठी जी जमीन लागते, ती किल्लीने मिळते.

आपल्या देशात या प्रश्नाचा सर्वांत काळा दिवस म्हणजे ६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली आणि २८ माणसे मरण पावली. ती पळू शकली नाहीत, कारण त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते. कुटुंबांनी त्यांना बरे होतील या आशेने तिथे आणून सोडले होते. छप्पर होते, अन्न होते, कडी दुसऱ्याच्या हाती होती.

त्यानंतर कायद्याची भाषा हळूहळू बदलली. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा रस्त्यावरच्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा त्याच माणसाकडे हक्काचा धनी म्हणून पाहतो. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेणे आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे हे या कायद्याने पोलिसांचे कर्तव्य ठरवले आहे; त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घेणेही ठाणे अंमलदाराला बंधनकारक आहे. याच कायद्यात आणखी एक कलम आहे. केवळ घर नाही म्हणून, किंवा घरचे स्वीकारत नाहीत म्हणून, कुणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. हे कलम वाचून आमचे मन थबकले. बरी झालेली माणसे निव्वळ दार उघडत नाही म्हणून भिंतींआड आयुष्य काढतात, याची ही सरकारी कबुलीच आहे.

या दारावर हात ठेवणारी काही माणसे आपल्याजवळच आहेत. मुंबईतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना रस्त्यावर एक कृश तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात आणले. उपचारांनंतर कळले की तो चांगला शिकलेला, आंध्र प्रदेशातील एका कुटुंबातला मुलगा आहे. १९८८ साली त्यांनी ‘श्रद्धा’ ही संस्था स्थापन केली, पुढे कर्जतला तिचे केंद्र उभे राहिले आणि २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरून उचलायचे, बरे करायचे आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातले घर शोधून तिथवर पोहोचवायचे, असे हे काम आहे. चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी १९९३ साली ‘द बॅनियन’ सुरू केले. ज्या स्त्रियांना परतायला घरच उरले नव्हते, त्यांच्यासाठी या संस्थेने साध्या वस्तीत साधी घरे भाड्याने घेतली. चारपाच जणी एकत्र राहतात, बाजाराला जातात, स्वयंपाकावरून भांडतात आणि पुन्हा एकत्र जेवतात. हा प्रयोग महाराष्ट्रातही आला आहे. स्वयंपाकावरून भांडता येणे हीसुद्धा घराचीच खूण नव्हे काय?

वाचकहो, आता या विषयाचा जो भाग आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबतो त्याकडे वळतो. आमच्या माहितीतला एक माणूस अकरा वर्षांनी परत आला. तरुणपणी डोळ्यांदेखत एक अपघाती मृत्यू पाहून तो खचला होता आणि एके दिवशी निघून गेला होता. एका संस्थेने त्याच्यावर उपचार केले. त्याने आपल्या गावाचे आणि चर्चचे नाव सांगितले. संस्थेचे कार्यकर्ते त्याला घेऊन आले तेव्हा आनंदाश्रू वगैरे वाहिले नाहीत. अकरा वर्षांत रेशनकार्डावरून त्याचे नाव कमी झाले होते. जमिनीच्या वाटण्या झाल्या होत्या आणि सातबारा भावांच्या नावे होता. घरात लग्नाची पुतणी होती. ‘घराण्यात वेड आहे’ असे पाहुण्यांच्या कानी गेले तर काय, ही भीती होती. आम्ही त्या घरी ओटीवर जाऊन बसलो तेव्हा मोठा भाऊ खाली मान घालून म्हणाला, “फादर, तो मेला असे समजून आम्ही त्याच्यासाठी मिस्सा सांगितली होती.” या वाक्यात निर्दयपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यातही एक घाव होता. जाणारा जातो तेव्हा घरालाही इजा होते, आणि तिची शुश्रूषा कुणी करीत नाही.

त्या दिवशी निर्णय वहिनीने घेतला. तिने मागच्या पडवीतली लाकडे हलवली आणि दिराला म्हणाली, “भाऊजी, ही जागा तुमची. दार लावायचे की उघडे ठेवायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.” तिला कुणी मानसशास्त्र शिकवलेले नव्हते. सगळे गोड झाले असे नाही. औषध चुकले की त्याच्या येरझारा सुरू होतात, भावांमध्ये अजून जमिनीवरून ताण आहे, आणि पुतणीचे एक स्थळ खरोखरच परत गेले. या घराने किंमत मोजली आहे आणि अजूनही मोजते आहे, हे लपवून उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अशा घराला शेजाऱ्यांनी कुजबुजीऐवजी आठवड्यातून एक दुपार दिली, तर ते घर तग धरेल. नाही तर तो माणूस पुन्हा फलाटावर दिसेल आणि दोष त्याच्याच माथी बसेल.

शुभवर्तमानातील गरसेकरांच्या प्रदेशातला तो माणूस आठवा. तो थडग्यांमध्ये राहत असे, लोकांनी बांधलेल्या साखळ्या तोडीत असे आणि दगडांनी स्वतःला ठेचून घेत असे. प्रभू येशूने त्याला बरे केले. तो शुद्धीवर येऊन, वस्त्र नेसून शांत बसला, हे पाहून गावकऱ्यांना आनंद झाला नाही. त्यांनी प्रभूलाच तिथून निघून जाण्याची विनंती केली. बरा झालेला माणूस प्रभूबरोबर जाऊ इच्छीत होता. त्याला सांगण्यात आले ते मात्र आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जाण्यास. सेमिनरीत हा उतारा शिकताना आमचे सारे लक्ष भूतांकडे आणि डुकरांकडे असे. आज वाटते, या कथेतला सर्वांत अवघड भाग त्यानंतरचा आहे. तो घरी गेला तेव्हा दार कुणी उघडले, हे शुभवर्तमान सांगत नाही.

एका गावाने हे दार शतकानुशतके उघडे ठेवले आहे. बेल्जियममध्ये गील नावाचे गाव आहे. परंपरा सांगते की सातव्या शतकात संत डिम्फना ही आयर्लंडची राजकन्या तिथे आश्रयाला आली. आईच्या मृत्यूने तिच्या पित्याचे भान हरपले आणि तो मुलीवरच वाईट नजर ठेवू लागला, म्हणून ती घर सोडून पळाली होती. पित्याने पाठलाग करून तिथेच तिचा वध केला. दुःखाने भ्रमिष्ट झालेला पिता आणि त्याच्या भीतीने बेघर झालेली मुलगी! ख्रिस्तसभेने मनोरुग्णांची आश्रयदाती म्हणून जिची निवड केली, ती स्वतःच या दुहेरी घावाची बळी होती. तिच्या समाधीपाशी देशोदेशीचे रुग्ण येऊ लागले. चर्चलगतची जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी नेले. पुढे ती गावाची रीतच झाली. १९३८ साली गीलच्या घरांमधून ३,७०० हून अधिक रुग्ण राहत होते. त्यांना रुग्ण म्हणत नसत, घरी राहायला आलेला असेच म्हणत. आजाराचे नाव काय, हे घरच्यांना सांगण्याची पद्धत नव्हती. आज ती संख्या पुष्कळ घटली आहे, परंतु प्रथा टिकून आहे. गीलचे लोक काही संत नव्हते. त्यांना या कामाचा मोबदलाही मिळे. फक्त त्यांच्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असे की जेवणाच्या मेजावर एक माणूस थोडा वेगळा वागतो, आणि त्यात भिण्यासारखे काही नाही.

आपल्या धर्मग्रामांना गील व्हायला सांगण्याची आमची छाती नाही. परंतु दोन गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. पहिली, रस्त्यावरच्या माणसाविषयी निकाल देण्याची घाई न करणे. भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलीसठाण्याला कायद्याची आठवण करून देता येते. कुणाच्या घरात मन खचलेले माणूस असेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मुलांवर अत्याचार होत असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्या आळीत, कधी आपल्याच घरात, रात्री जे आवाज येतात ते न ऐकल्यासारखे करण्याचे आपण सोडले पाहिजे. ‘नवराबायकोचा मामला’, ‘पोराला वळण लावतोय’ असे म्हणून आपण खिडकी लावून घेतो. त्या खिडकीपलीकडे जे मूल भिंतीला चिकटून उभे असते, त्याचे घर त्या क्षणी फिरत असते. वीस वर्षांनी ते फलाटावर झोपलेले दिसेल तेव्हा आपण त्याला ओळखणारही नाही.

बेघर माणसाला अन्न द्यावे, कांबळे द्यावे. नाताळात आपण ते देतोही. पण त्याची गरज तेवढ्याने भागत नाही. त्याला एक दार हवे आहे, ज्याची कडी त्याच्या हातात असेल, आणि दाराबाहेर एखादे माणूस, जे आत यायची घाई करणार नाही.